कोरडं बसवायचं सील

धुळूमामांची जीप दीड वर्षात तिसऱ्यांदा आमच्या गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा आबांनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांनी जीपकडे बघितलंच नाही. ती ज्या रस्त्यानं आली त्या रस्त्याकडे बघितलं. एसटी स्टँडच्या वळणापासून आमच्या दारापर्यंत दर दोन-तीन हातांवर तेलाचा एकेक ठिपका पडला होता.

"गळतंय," आबा म्हणाले.

"गळतंय आन् घसरतंय बी," धुळूमामा खाली उतरत म्हणाले. "इंजान नुसतं बोंबलतंय, गाडी म्होरं सरकंना. काल म्हातारीच्या चढाला निम्म्यात अडकलो. तेरा कॅन दूध नासलं, मिस्त्री."

शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून सिदराम उठून आला. गारगोटीत कुणाच्या घरी काय शिजलं हे त्या घरातल्यांच्या आधी सिदरामला कळायचं. तो जीपच्या खाली वाकला, बोटाला तेल लावून वास घेतला आणि म्हणाला, "परत तेच, व्हय? आता मी काय म्हणत न्हाई हां केरबा, पर बाजारात लोक म्हणत्यात."

"काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"तू कशाला मधी? म्हणत्यात आपलं, केरबाचा हात गेला."

मी केरबा लोहारांची मुलगी, रत्नमाला. तेव्हा चोवीस वर्षांची होते, कोल्हापुरात ऑइल सील बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला होते आणि चार दिवसांच्या सुट्टीवर घरी आले होते. त्या दिवशी सिदरामच्या अंगावर ग्रीसचा डबा ओतावा असं मला फार वाटलं. आबा साठीला आले होते. चाळीस वर्षं त्यांनी जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या, गाडीचा नुसता आवाज ऐकून ते दुखणं सांगायचे. पण सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातली बशी अलीकडे थोडी वाजायला लागली होती. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि आबांना माहीत होतं. गावाला ते कळू नये एवढंच आम्ही तिघं न बोलता सांभाळत होतो.

धुळूमामा झोरे म्हणजे डोंगरावरच्या धनगरवाड्यातला माणूस. त्यांची ही जीप मिलिटरीच्या लिलावातली. पेट्रोलचं इंजिन काढून तिच्यात कधीतरी डिझेलचं बसवलेलं. चारी चाकं ओढणारी दुसरी गाडी त्या वाटेला नव्हतीच. वरच्या पाच वाड्यांचं दूध रोज तीच खाली डेअरीत आणायची. दूध संघानं धुळूमामांना बजावलं होतं, आणखी एकदा खाडा झाला तर वरचं संकलन बंद. पाच वाड्यांतली माणसं आबांच्या हातावर अवलंबून होती, आणि तो हात गेला असं बाजारात बोललं जात होतं.

दुपारपर्यंत आबांनी गिअरबॉक्स उतरवला. गॅरेजात जमिनीत खणलेला माणूसभर खोल खड्डा आहे. गाडी त्याच्यावर उभी करायची आणि खाली उतरून काम करायचं. मीही खाली उतरले. गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड तेलानं माखलं होतं. मी ते पुसलं, तशी आतल्या बाजूला आबांची खूण दिसली. सेंटर पंचानं एकेक ठिपका मारून काढलेलं 'के' आणि पुढे सालाचे दोन आकडे. अशा तीन खुणा एकाखाली एक होत्या, पहिली जुन्या क्लचच्या कामाची आणि दोन ह्या गळतीच्या. आबांचा हा नेम. घंटा खोलली की आत आपली खूण मारूनच बंद करायची. "ती बाहेरनं दिसत न्हाई, पुढच्या मिस्त्रीला दिसती," ते म्हणायचे. "काम बिघडलं तर त्यानं कुणाचं नाव घ्यायचं, हे त्याला कळाय नको?" वस्तादानं त्यांना तेच शिकवलं होतं.

क्लचमागचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, काढल्यावर मी जुनं सील उपसून काढलं. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मागच्या बाजूनं जिथे बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती हे कडं बसवलेलं असतं. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. ते हुकलं की तेल थेट क्लचच्या प्लेटवर. मग प्लेट घसरणार आणि गाडी चढावर नुसती ओरडत उभी राहणार. मी ते काळं रबरी कडं दोन बोटांत धरून दाबलं. ते कडकन मोडलं.

"आबा, हे बघा. आठ म्हैन्यांत बांगडीगत कडक झालंय. ह्यात तुमच्या हाताची काय चूक न्हाई. ह्या इंजनाच्या उष्णतेला हे रबरच टिकणारं न्हाई."

आबांनी तो तुकडा उजेडात धरला. "आजवर हेच वापरत आलो की."

"आजवर गाड्या एवढ्या तापत न्हवत्या. ही जीप पयल्या गिअरात दोन-दोन तास चढती."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी कोल्हापूर गाठलं आणि दुपारी परत आले. आमच्या खात्यात आम्ही सील गरम तेलात बुडवून आठ-आठ दिवस ठेवायचो आणि कुठलं किती टिकतं ते लिहून ठेवायचो. त्यामुळे काय घ्यायचं ह्याचा माझा हिशेब पक्का होता. तरी मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्याच मापाची तिन्ही जातींची सीलं आबांच्या पुढ्यात मांडली. निवड त्यांच्या तोंडून यावी, असं मला वाटत होतं.

"हे काळं म्हायतीच हाय," आबा म्हणाले. "हे तपकिरी?"

"हेबी रबरच, पर उष्णतेचं. चार वर्सं तरी बघायला नको. तेल लावून बसवायचं, तुमच्या रोजच्या पद्धतीनं."

"आन् पांढरं?"

"त्याचा ओठ टेफ्लॉनचा हाय. आमच्याकडं सगळ्यांत जास्त तेच टिकलं. कितीबी तापूंदे, कडक हुईत न्हाई. पर लई नखरेल हाय. कोरडंच बसवायला लागतंय. तेल न्हाई, ग्रीस न्हाई, शाफ्टबी पुसून कोरडा पाहिजे. दांडा फिरला की त्याच्यावर आपला पातळ थर चढवून घेतंय, मग जागा धरतंय. मधी तेल आलं की तो थर चढतच न्हाई. आन् बसवल्यावर चार तास इंजान चालू करायचं न्हाई."

आबा हसले. "सील आन् कोरडं? अगं, पयल्या दिवशी वस्तादानं मला दुसरं काय शिकवलंच न्हाई. तेलाच्या वाटीत बोट बुडवायचं आन् सीलच्या ओठावरनं फिरवायचं. निस्तं तेवढंच, म्हैनाभर."

"मग तपकिरी घेऊया का? सोपं पडंल तुमास्नी."

हे मी बोलायला नको होतं. आबांचा चेहरा उतरला.

"सोपं कंचं ते इचारलं न्हाई मी. जास्त टिकंल कंचं?"

"पांढरं."

"मग पांढरं." त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं. "ही गाडी चवथ्यांदा गळतीसाठी खोलायची पाळी आली, तर दारावरची पाटी उतरवणार मी. कुणी सांगायच्या आधी."

हे ते अगदी साध्या आवाजात बोलले, भाकरी वाढ म्हणावं तसं. त्यामुळे मला जास्त भीती वाटली. वर्तमानपत्र आवरताना त्यांना पिशवीत आणखी एक पांढरं सील दिसलं. "दोन कशाला?"

"असूंदे," मी म्हणाले. बसवताना ओठ दुमडला तर दुसरं हाताशी असावं म्हणून ते मी आणलं होतं. आबांच्या हातून ओठ दुमडेल असं मला वाटलं होतं का, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही दोघं खड्ड्यात उतरलो. वर बाकड्यावर धुळूमामा तंबाखू मळत बसले होते आणि सिदराम पंक्चरचं दुकान उघडं टाकून त्यांच्या शेजारी. आबांनी क्रँकशाफ्टवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही, दांड्यावर घळ पडलेली नव्हती. मी दांडा स्वच्छ पुसून कोरडा केला. पाकीट फोडलं आणि सील आबांच्या हातात दिलं. मग हातदिवा नीट धरायला म्हणून मान वळवली.

परत बघितलं तेव्हा आबांचं बोट सीलच्या ओठावरून गोल फिरत होतं. डावीकडे, नेहमीच्या जागी, तेलाची वाटी होती. बोट तिच्यात बुडून आलेलं होतं.

वरून सिदरामचा आवाज येत होता, "मी आपला ऐकीव सांगतोय धुळूमामा, स्टँडजवळच्या नव्या गॅरेजवाला म्हणत हुता, केरबानं आता नातवंडं खेळवावीत." मोठ्यानं बोलले असते तर सिदरामनं दुपारपर्यंत ते सगळ्या बाजारात पोचवलं असतं. गप्प बसले असते तर महिन्याभरात जीप परत दारात आली असती आणि आबांनी दिला शब्द पाळला असता. आबा बोलल्याप्रमाणे करणारे होते. शिडी लावून स्वतःच्या हातानं त्यांनी ती पाटी काढली असती.

मी त्यांच्या कानाशी गेले. "आबा. तेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे.

"म्या लावलं?"

"व्हय."

"कवा?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. चाळीस वर्षांचं वळण, हात आपला आपण वाटीकडे गेला होता. आबांचा चेहरा तसा घाबरलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता. मला रडू यायला लागलं, पण खड्ड्यात रडून चालणार नव्हतं. मी दुसरं सील खिशातून काढलं. आता ते एकच होतं.

"हे घ्या. बसवा," मी म्हणाले.

आबांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दोन्ही तळवे दिव्यापुढे धरले. रेघारेघांत काळं तेल भिनलेलं होतं, ते कुठल्याच साबणानं कधी निघालं नव्हतं.

"ह्या हाताला कोरडं काय ठावंच न्हाई, रत्ना," ते हळूच म्हणाले. "कितीबी पुसला तरी तेलकटच. तू बसव."

"मी? मी कवा बसवलंय? मी नुसती तपासती."

"तपासतीस त्ये बसवायला येत न्हाई, असं कुटं लिवलंय? हात पूस. मी सांगतो तसं ठोक."

मी हात कोरड्या फडक्यानं दोनदा पुसले. सीलच्या पाकिटात प्लॅस्टिकचं गुळगुळीत कडं होतं, त्याच्यावरून ओठ न दुमडता सील दांड्यावर सरकवलं. आबांनी लाकडी ठोकळा माझ्या हातात दिला.

"वर एक. आता खाली एक. डावी. उजवी. समोरासमोर जायाचं, एका बाजूनं रेटायचं न्हाई. हळू. पोरी, ते आत जानारच हाय, तू कशाला घाई करतीस?"

मी ठोकत होते आणि आबा डोळे मिटून ऐकत होते.

"अजून न्हाई. अजून न्हाई. खालच्या अंगाला एक दे. आता... बास!"

मलाही तो आवाज कळला. इतका वेळ भरीव येणारा ठोका एकदम टणक वाजला. सील तळाला टेकलं होतं. मी दिवा जवळ नेऊन बघितलं. चारी बाजूंनी सारखं बसलं होतं, केसाचाही फरक नव्हता. कारखान्यात हजारो सीलं मी हातात घेतली होती. पण मी स्वतः इंजिनात बसवलेलं हे पहिलंच. मला इतका आनंद झाला की आबांना मिठी मारावीशी वाटली, पण आम्ही तसली माणसं नाही.

फ्लायव्हील आणि नव्या प्लेटसकट क्लच चढवल्यावर आबा म्हणाले, "जा, घरनं च्या आन समद्यांस्नी."

"गिअरबॉक्स चढवूया की आधी."

"ते बगतो मी आन् धुळू. तू जा."

मी वर आले. दारातून बाहेर पडताना मागे खड्ड्यातून ठक्, ठक् आवाज आला. आबा खूण मारत होते. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू? सील मी बसवलं आणि खूण त्यांची. पण लगेच वाटलं, त्यांचीच असायला हवी. ऐकलं कुणी? थांबवलं कुणी? आणि पाटी तरी कुणाची होती? मी चहा घेऊन आले तोवर गिअरबॉक्स चढून बोल्ट आवळून झाले होते.

"चालू करायची?" धुळूमामांनी विचारलं.

"चार तास न्हाई," आबा म्हणाले.

"का? सीलला झोप लागलीया व्हय?" सिदराम खिदळला.

"तुझ्या त्वांडाला लागंस्तोवर थांबायचं हाय," आबा म्हणाले, आणि धुळूमामा चहा सांडेपर्यंत हसले.

चार वाजता जीप निघाली. मागे तेरा कॅन, पाण्यानं काठोकाठ भरलेले. धुळूमामा गाडीवर, शेजारी आबा, कॅनना धरून मी. म्हातारीच्या चढाला पहिला गिअर पडला आणि जीप चढायला लागली. ओरडली नाही, घसरली नाही. वरच्या वळणावर आबांनी गाडी थांबवायला लावली, ऐन चढावर, आणि परत उचलायला सांगितली. कळण्याजोगा हिसकासुद्धा न देता तिनं पाण्यासकट आम्हाला उचललं. परत आल्यावर गॅरेजात मी खाली पांढरा कागद अंथरला. तासाभरानं सिदरामनं स्वतः तो कागद ओढून काढला, उलटसुलट करून बघितला आणि रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "कोरडा! केरबाचा हात हाय बाबा, उगं न्हाई!"

"हं," आबा म्हणाले. एवढंच. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाने पुसायला लागले.

मी दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेले. जीप काही परत आली नाही. दर वेळी सुट्टीला आले की मी विचारायचे, आणि आबा म्हणायचे, "चाललीया." दोन वर्षांनी त्यांना पाना धरणं जमेना, तेव्हा मी नोकरी सोडून गॅरेज चालवायला घेतलं. लोक हसले, मग सवयीचं झालं. आबा दारात खुर्ची टाकून बसायचे. मी पहिल्यांदा एकटीनं एका गाडीची घंटा खोलली, काम संपवलं आणि आत खूण मारली. आबांनी खुर्चीतून विचारलं, "काय मारलंस?"

"के," मी म्हणाले. "पाटी तुमची हाय न्हवं."

मग गालातल्या गालात हसले. "आसं व्हय? बरं."

मला वाटलं, त्यांना बरं वाटलं. पुढच्या वर्षी ते गेले. मी 'के' मारत राहिले.

धुळूमामांची जीप परत दारात उभी राहिली ती सातव्या वर्षी. मामा थकले होते. "गळत बिळत काय न्हाई," ते उतरायच्या आधीच म्हणाले. "क्लचची प्लेट झिजली. मधी दोघातिघांनी मागितली गाडी, स्टँडजवळचाबी म्हणला मी करतो. म्या दिली न्हाई. मिस्त्रीनं सांगून ठेवलं हुतं, ही खोलायची झाली तर रत्नाच खोलंल."

मी खड्ड्यात उतरले. संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली आला. आधी दिवा नेऊन सील बघितलं. सात वर्षांनंतर त्याच्या कडेवर नुसती सुकी धूळ बसली होती. मग घंटेचं तोंड पुसलं.

आबांचे तीन 'के' होते तसेच होते. त्यांच्याखाली चौथी खूण होती, तिच्यापुढे २००१ चे शेवटचे दोन आकडे. ती 'के' नव्हती. ठिपके थोडे वाकडे गेले होते, एक-दोन तर दुहेरी उठले होते, पंच धरलेला हात थरथरला असणार. पण काय लिहिलंय ते स्वच्छ कळत होतं. 'र'.

बाजारासमोर ते हं म्हणून गप्प बसले होते. पण जिथे फक्त मिस्त्रीच बघतो, तिथे त्यांनी खरं लिहून ठेवलं होतं. आणि मी दोन वर्षांनी त्यांच्या देखत 'के' मारला, तेव्हाही ते बोलले नव्हते. घंटा कधीतरी उघडेल आणि तेव्हा मीच खाली असेन, ह्याची त्यांनी सोय करून ठेवली होती. मला माझा अभिमान वाटला, पण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांचा.

"काय गं? काय निघालं?" वरून धुळूमामांनी विचारलं.

"काय न्हाई मामा," मी म्हणाले. "मिस्त्रीचा हात बघतिया."

नवी प्लेट चढवली. गिअरबॉक्स उचलण्याआधी आबांचा सेंटर पंच घेतला आणि त्या वाकड्या ठिपक्यांच्या खाली सावकाश माझी खूण मारली. तिथून पुढे मी कुठल्याही गाडीत 'के' मारला नाही.